आडवे होण्याचे भाडे



आज मी आपल्याशी विमानातील बिझनेस क्लासविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. सोयाबीनच्या भावाचे बोलायचे सोडून हा मास्तर आपल्याला विमानात, तेही त्यातल्या सर्वांत महागड्या खुर्चीत कशाला बसवतोय, असेही कुणी म्हणाले असेल. पण जरा थांबा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे एक गोष्ट हळूहळू घडली आहे. उदगीरच्या, अहमदपूरच्या, देगलूरच्या, मुखेडच्या घरांतली मुले शिकली, पुण्याला गेली, आणि पुण्याहून पुढे लंडनला नाहीतर अमेरिकेला गेली. त्यांत शिक्षकांची मुले बरीच. मग एके दिवशी फोन येतो. सून बाळंत व्हायची आहे, आईने यावे. आणि मुलगा म्हणतो, "आई, तुझं अन् बाबांचं तिकीट या वेळी बिझनेस क्लासचं काढतो. तुझे गुडघे दुखतात ना."

आई म्हणते, "कशाला रे एवढा खर्च?" बाबा आकडा विचारतात. आकडा ऐकून गप्प होतात. तेवढ्यात विहिरीचे काम झाले असते, असा हिशेब त्यांच्या मनात सुरू झालेला असतो. आजचे माझे बोलणे त्या गप्प झालेल्या बाबांशी आहे.

आधी अंतराचे बघू. नांदेडहून तपोवन एक्सप्रेसने आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईला गेले असतील. सकाळी निघायचे, रात्री पोचायचे. बारा तासांच्या आसपास प्रवास, आणि तो सगळा बसून, कारण त्या गाडीला झोपायचे डबे नाहीत. परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करीत नाशिक येईपर्यंत कंबर बोलू लागते. मुंबईहून लंडन हे सात हजारांहून अधिक किलोमीटर, आणि विमानाला लागतात साधारण दहा तास. म्हणजे घड्याळाचाच विचार केला तर नांदेडच्या माणसाला मुंबई लंडनपेक्षा दूर आहे! न्यूयॉर्क मात्र खरोखर लांब. पंधरा-सोळा तास. तपोवनमध्ये बसून मुंबईला जा, आणि उतरण्याऐवजी आणखी चार तास तसेच बसून राहा, म्हणजे न्यूयॉर्क आले.

एक फरक ध्यानात ठेवा. तपोवनमध्ये आपण दारापर्यंत जातो, मनमाडला खाली उतरतो, चहा पितो. विमानाच्या मागच्या वर्गात, ज्याला इकॉनॉमी म्हणतात, दोन रांगांमध्ये जेमतेम एकतीस-बत्तीस इंचांची जागा असते. पुढच्याने पाठ मागे टेकवली की त्याचे डोके आपल्या ताटाशी येते. खिडकीशी बसलेल्या म्हातारीला लघवीला जायचे तर दोघांना उठवावे लागते. आपल्या बायकांना त्याचा संकोच वाटतो. मग त्या काय करतात? पाणीच पीत नाहीत. बिझनेस क्लासच्या चर्चेत गादीचे, जेवणाचे, पेल्यांचे सगळे बोलतात. पाणी न पिता बसून राहिलेल्या बाईचे कुणी बोलत नाही.

मी स्वतः काही श्रीमंत माणूस नव्हे. मी कॉलेजात शिकवतो. माझा मेहुणा नोकरीनिमित्त सारखा उडत असतो, आणि असे उडणाऱ्यांच्या नावावर कंपनी मैल जमा करते. सोसायटीत बोनस साठावा, तसे. त्या मैलांवर त्याने मला एकदा लंडनहून मुंबईचे परतीचे तिकीट पुढच्या वर्गाचे काढून दिले. जाताना मी मागे बसून गेलो आणि येताना पुढे झोपून आलो. त्यामुळे दोन्हीकडची साक्ष देऊ शकतो.

काय असते पुढे? खुर्ची असते, आणि तिच्या हाताशी बटणे असतात. एक बटण दाबले की पाठ मागे जाते, दुसरे दाबले की पायाखालचा भाग वर येतो, आणि दोन्ही दाबून धरले की घरघर करीत खुर्चीचा पलंग होतो, अगदी सपाट. लांबी सहा फुटांहून थोडी जास्त. रुंदी मात्र फार नाही. आपल्या बाजेपेक्षा पुष्कळ कमी, रेल्वेच्या बर्थएवढीच म्हणा ना, आणि पायांकडे तर त्याहून अरुंद. पुष्कळ विमानांत पाय पुढच्या खुर्चीखालच्या कोनाड्यात सारावे लागतात. वर पातळ गादी घालतात, रजई देतात. विमान उडण्याआधी गरम, ओला टॉवेल चिमट्याने आपल्या हातावर ठेवतात. त्याने तोंड-हात पुसायचे. जेवण एकदम एका ताटात येत नाही. कापड अंथरून, काट्या-चमच्यांसह टप्प्याटप्प्याने येते. आणि विमानसेविका आपल्या आडनावाने हाक मारते. माझ्याशी बोलताना ती खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली. तसे बसण्याचे त्यांना शिक्षण असते, प्रवाशाला मान वर करावी लागू नये म्हणून. पण आपल्याकडे कुणी असे पायाशी बसले की आपण आधी त्याला उठवतो. मी दोनदा म्हणालो, "अहो, उठा, उठा." ती हसली आणि बसूनच राहिली. तिच्या नोकरीचा तो भाग आहे हे मला समजत होते. बरे मात्र वाटले नाही.

जेवणाचे म्हणाल तर ते चांगले असते, पण सपक लागते. त्यात आचाऱ्याचा सगळा दोष नसतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० च्या सुमारास लुफ्तान्सा कंपनीसाठी याचा अभ्यास केला. जमिनीवरच विमानाच्या तुकड्यात हवेचा दाब कमी करून, हवा कोरडी करून लोकांना जेवू घातले. मीठ आणि साखर दोन्हींची चव मंदावते, असे आढळले. पुढे बसा, मागे बसा, जीभ तीच.

आता हे वर्ग आले कुठून? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे चार पंख्यांचे विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा करीत १० जूनला पोचले. पस्तीस प्रवासी होते, जे. आर. डी. टाटा स्वतः त्यांत होते. (त्या दिवशी आपल्या नांदेडात आणि लातुरात अजून निजामाचा अंमल होता. मुक्तीला तीन महिने बाकी होते. लंडनचे विमान सोडा, आपल्या माणसांना रात्री घरात निवांत झोपण्याची शाश्वती नव्हती.) त्या काळी विमानाने जाणारा मनुष्य मुळातच पैसेवाला, तेव्हा विमानात वेगळे वर्ग पाडायची गरजच फारशी नव्हती. अटलांटिक महासागरावरच्या विमानांत स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग आला तो १९५२ साली. पुढे १९७० नंतर जंबो विमाने आली, तीन-साडेतीनशे माणसे एका विमानात मावू लागली, आणि खुर्च्या भरण्यासाठी कंपन्यांनी सवलतीची तिकिटे काढली. त्यातून नवीच कुरबुर उठली. कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडे भरणारा व्यापारी आणि सहा महिने आधी निम्म्या भाड्यात तिकीट घेतलेला सहलवाला एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून! व्यापारी रागावले. मग त्यांच्यासाठी मधला वर्ग निघाला. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने १९७८ मध्ये अशी सोय केली, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ मध्ये तिला 'बिझनेस क्लास' हे नाव दिले. म्हणजे या वर्गाचा जन्म सुखासाठी झालाच नाही; आम्ही जास्त पैसे भरले ते दिसले पाहिजे, या हट्टातून झाला.

सपाट पलंग बराच उशिरा आला. या वर्गात पूर्ण आडवे होता येईल अशी खुर्ची ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. जागा वाचवायला त्यांनी एक आसन पुढे तोंड करून आणि शेजारचे मागे तोंड करून बसवले. एकाचे डोके जिथे, तिथे दुसऱ्याचे पाय. आपल्याकडे लग्नघरी एका सतरंजीवर दहा पोरे झोपवायची असली की आजी हीच युक्ती करते.

इथे मला एका माणसाची आठवण काढायची आहे. तो विमानातला नव्हे, रेल्वेतला. मधू दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, पुढे राजापूरचे खासदार झाले, आणि १९७७ मध्ये जनता सरकारात रेल्वेमंत्री. तोवर रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या माणसाला झोपायला नुसती लाकडी फळी मिळायची. आमच्या वडीलधाऱ्यांना ती फळी आठवते. चादर अंथरली तरी सकाळी फळीच्या पट्ट्या पाठीवर उमटलेल्या असत. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात वर्गच नव्हते आणि फळ्या मऊ होत्या. हळूहळू देशभराच्या गाड्यांना तो फोम लागला. आज आपण लातूरहून, नांदेडहून रात्रीच्या गाडीने काहीशे रुपयांत झोपून मुंबईला जातो, त्या झोपेत दंडवत्यांचे दोन इंच आहेत. मंत्री पुष्कळ झाले. गरिबाच्या पाठीचा विचार करणारे थोडे.

म्हणजे गंमत बघा. रेल्वेत आडवे होणे हा साध्या वर्गाचा हक्क आहे, आणि विमानात तीच गोष्ट तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त भाडे भरणाऱ्याला मिळते. असे का? रेल्वेच्या डब्यात उंची वापरता येते. खालची, मधली, वरची, अशा तीन फळ्या एकावर एक. विमानात प्रत्येक माणूस उडताना-उतरताना पट्टा बांधून बसलेला हवा, आणि अपघातात दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर पडता आले पाहिजे, असा नियम. त्यामुळे पलंग जमिनीच्या पातळीवरच हवा, आणि जमीन तर मोजकी. एअर इंडियाची बोइंग ७८७-८ जातीची विमाने २०१२ पासून आली तेव्हा त्यांत पुढे १८ पलंग होते आणि मागे २३८ खुर्च्या. एका पलंगाने तीन-चार खुर्च्यांची जागा खाल्ली की त्या खुर्च्यांचे भाडेही त्यालाच भरावे लागणार. हिशेब सरळ आहे. न्यूझीलंडच्या विमान कंपनीने २०२० साली मात्र एक वेगळी कल्पना जाहीर केली. मागच्या वर्गातील प्रवाशांसाठी एका कोपऱ्यात सहा बिछाने, तीनावर तीन, आणि एकेक बिछाना चार-चार तास भाड्याने. जगाने तिचे मोठे कौतुक केले. आपण म्हणू, ही तर आपली थ्री-टायर!

आता गुडघ्यांकडे येऊ. आडवे होणे ही चैन आहे की गरज?

विमान दहा-बारा हजार मीटरवर उडते. बाहेर उणे पन्नास अंशांच्या खाली थंडी, श्वास घ्यायला पुरेशी हवा नाही. म्हणून आत दाब भरतात. पण जमिनीइतका नाही भरत. जुन्या विमानांत आतली हवा साधारण चोवीसशे मीटर उंचीवर असावी तितकी विरळ असू शकते, नव्या काही विमानांत अठराशे मीटरवर असावी तितकी. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटरवर, नांदेड त्याहून खाली. म्हणजे खुर्चीत बसल्याबसल्या आपली आई कळसूबाईच्याही वर जाऊन दहा तास बसते. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. दम्याच्या, हृदयाच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि तिथे तिकिटाचा वर्ग कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट पायांची. पायातले रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे काम करतात. चालले की पंप चालू, बसून राहिले की बंद. तासन् तास बसले की पाय सुजतात, चपला घट्ट होतात, आणि एखाद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अभ्यास करवला आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष मांडले. चार तास किंवा अधिक प्रवास बसून केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, निरोगी माणसांत हे प्रमाण सहा हजारांत एक, इतके थोडे आहे. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. हा धोका एकट्या विमानाचा नाही. मोटार, बस, आगगाडी, सगळ्यांत तो आहे. म्हणजे नांदेडहून पुण्याला रात्रभर एस्टीत किंवा ट्रॅव्हल्समध्ये बसून जाणाऱ्या माणसालाही तो लागू. तेव्हा जे कधी विमानात पाय ठेवणार नाहीत त्यांनीही एवढे करावे: दर तासाला टाचा उचलाव्यात, पाऊल गोल फिरवावे, बस थांबली की खाली उतरून चार पावले चालावे, आणि पाणी प्यावे. पूर्वी ज्यांना गुठळी झाली आहे, ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आडवे झाल्याने पायांवरचा भार उतरतो हे खरे, पण पलंग मिळाला म्हणून दहा तास ओंडक्यासारखे पडून राहणाऱ्यालाही उठून फिरायला हवेच.

मला स्वतःला काय जाणवले? जाताना बसून गेलो तेव्हा लंडनला उतरल्यावर दोन दिवस मान एका बाजूला वळत नव्हती. येताना पाच तास सलग झोपलो. मुंबईला उतरलो तो माणसात होतो. पैसे मी भरले नव्हते, म्हणून हे बोलणे सोपे आहे, हेही खरे. चाळिशीतल्या माझ्यासारख्याने तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून घालावेत, असे मला वाटत नाही. मान दोन दिवसांत सुटते. सत्तरीच्या आईच्या गुडघ्यांचे गणित वेगळे आहे. सरकारी नियमांत पुढच्या वर्गाचा हक्क पगाराच्या श्रेणीवरून ठरतो. घरात तरी तो गुडघ्यांवरून ठरावा.

एक गोष्ट मात्र या तिकिटाने विकत मिळत नाही. लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा किंवा साडेनऊ. आपल्या शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते. म्हशीला दुसऱ्या गावी नेले तरी धारेच्या वेळी ती हंबरते, तसेच आपले. न्यूयॉर्कला गेलेली आई पहिला आठवडा रात्री दोन वाजता टक्क जागी असते आणि दुपारी नातवाला मांडीवर घेऊन डुलक्या काढते. सुनेने त्याचा राग मानू नये. दिवसाचे ऊन अंगावर घेतले की घड्याळ सरकायला मदत होते.

आणि हेही हिशेबात धरा की आपला प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचा विमानतळ आहे, लातूरलाही धावपट्टी आहे. पण समुद्रापलीकडची विमाने तिथे येत नाहीत. आधी रात्रभर गाडी, मग मुंबईत कुणाच्या तरी घरी टेकणे, मग विमानतळावर तीन तास, मग विमान. लातूरहून लंडनच्या घरापर्यंत दीड दिवस सहज जातो. त्यातले दहाच तास पलंगाचे. म्हणून मुलांना माझे सांगणे आहे की आईबाबांच्या तिकिटावर एवढा खर्च करताना मुंबईपर्यंतच्या गाडीचे खालचे बर्थ आधी बघा. विमानाला पलंग काढला आणि नांदेडहून वरच्या बर्थवर चढवले, असे प्रकार होतात.

दोन्ही बाजूंचे पैसे जमत नसतील तर जे विमान रात्रीचे, त्याचे तिकीट पुढच्या वर्गाचे काढावे. दिवसाच्या प्रवासात पलंग वाया जातो. तेही जमत नसेल तर मागच्या वर्गात वाटेलगतची, म्हणजे ये-जा करायच्या बोळाची जागा आधीच मागून घ्यावी, म्हणजे आईला कुणाला न उठवता उठता येईल. चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच कळवावी. "मी काय लंगडी आहे का?" असे आपल्या बायका म्हणतात. त्यांना सांगा की मोठ्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत किलोमीटरभर चालावे लागते, आणि तिथे खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या बायका घरी पाणी शेंदणाऱ्याच असतात. शाकाहारी जेवणाचेही आधीच कळवावे. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे पोटातल्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत.

आणि बाबा, पुढच्या वर्गात बसलातच तर डोक्याशी जे बटण असते ते दाबायला संकोचू नका. पाणी हवे, गरम दूध हवे, पलंग कसा करायचा ते दाखवा, असे सरळ मराठी-हिंदीत सांगा. मुंबईच्या विमानात कुणाला तरी समजतेच. झोपताना पट्टा रजईच्या आत न बांधता वरून बांधा. हवेत विमान हलू लागले की सेविका पट्टे तपासत फिरतात. पट्टा दिसला तर त्या पुढे जातात, नाही दिसला तर तुम्हाला उठवतात.